एका शतकाचे पाच हप्ते

३ डिसेंबर २०२५ला ऋतुराज गायकवाडने आमच्या नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यातलं आपलं पहिलं शतक झळकावलं. जगाच्या दृष्टीने ते एकदा झालं. आमच्या घरी ते पाच वेळा झालं.

पहिल्यांदा झालं ते माझ्या मोबाइलवर. भाचा स्टेडियममध्ये होता. त्याचा फोन आला, मागे समुद्र खवळल्यासारखा गलका, आणि हा ओरडतोय, "मामा, झालं! झालं!" मी विचारलं, "कुणाचं काय झालं?" कारण आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर ऋतुराज अजून बॅट आपटत उभा होता आणि चेहऱ्यावरून तरी त्याला काही झाल्यासारखं दिसत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या साहूजींकडे मांडणी कोसळावी तसा जल्लोष उठला. त्यांच्याकडे साधी डिश आहे. हे दुसरं शतक. मग आतल्या खोलीतून आईच्या टाळ्या ऐकू आल्या. "पुण्याचा गं पोरगा!" ती बायकोला ओरडून सांगत होती. आईचं खातं डीडी फ्री डिशमध्ये, तिसरं शतक. मी उठलो, देवापुढे साखर ठेवली, परत येतो तो हॉलमधल्या पंचावन्न इंची पडद्यावर ऋतुराज हेल्मेट काढून बॅट उंचावतोय. ज्या क्षणासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, त्या क्षणी माझी त्याच्याकडे पाठ होती आणि हातात साखरेची वाटी.

पाचवं शतक पुण्याहून आलं. लेकीचा फोन. ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर सामना बघत होती. "बाबा, फोन ठेवू नका हं, नव्वदीत आहे, आपण दोघं मिळून बघू!" मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने ती किंचाळली, मीही किंचाळलो. बापाला हे करावं लागतं.

त्या डावात कोहलीनेही शतक ठोकलं, म्हणजे आमच्या हिशेबाने त्या दुपारी दहा शतकं झाली. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या मार्करमनेही एक काढलं. ते मात्र कुणी मोजलं नाही.

हा सगळा घोळ ज्या पेटीने घातला, ती मी स्वतः, माझ्या पैशांनी, बायकोचा विरोध मोडून घरात आणलेली आहे. विकणारा म्हणाला होता, "सर, एक ही डब्बे में सब. डिश भी, इंटरनेट भी, मोबाइल भी." मी आधीच विरघळलो होतो, कारण कुठेतरी वाचलं होतं की आकाशातून येणारं प्रक्षेपण आणि तारेतून येणारं इंटरनेट एकाच पडद्यावर नांदवण्यासाठी युरोपात २०१० सालापासून एचबीबी टीव्ही नावाचं मानकच ठरलेलं आहे. घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "युरोपात पाऊस आला की दिवे जातात का?"

मी विषय बदलला.

पेटी बसवायला एक किडकिडीत मुलगा आला. गच्चीवर आईच्या फ्री डिशची छत्री होती, तिच्या शेजारी त्याने दुसरी ठोकली. आईच्या छत्रीचं तोंड ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे, नवीचं दुसरीकडेच. दोघी एका गच्चीवर एकमेकींकडे न बघता उभ्या असतात. मी म्हटलं, "भैया, वायफायशी जोडलं का?" तो म्हणाला, "हो जाही." "आणि आईला जमेल ना?" "हो जाही, टेंसन झन लेवव." छत्तीसगढीत 'हो जाही' म्हणजे 'होऊन जाईल'. कधी, कसं आणि कुणाच्या हातून, हे त्यात येत नाही. आमचं घराणं भोसल्यांच्या फौजेमागून इकडे आलं म्हणतात. फौज परतली, आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यात हिशेब लिहीत राहिलो. इतक्या पिढ्या इथे काढूनही 'हो जाही'चा नेमका काळ आम्हाला कळलेला नाही.

एका डब्यात सगळं आल्याचा पहिला परिणाम असा की रिमोट दोनाचे चार झाले. टीव्हीचा, पेटीचा, आवाजाच्या लांबुळक्या भोंग्याचा आणि आईच्या टीव्हीचा, जो तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबर लावून ठेवलाय. शिवाय एसीचा, जो दिसायला हुबेहूब पेटीच्या रिमोटसारखा. एकदा बातम्यांचा आवाज वाढवता वाढवता मी हॉल सोळा अंशांवर नेला आणि आईने शाल मागितली. हल्ली मी हॉलच्या मधोमध उभा राहतो आणि कुठला रिमोट कशासाठी घेतला तेच आठवत नाही. पण यात लाज कसली? २१ जानेवारी २०२३ला याच शहरात, याच स्टेडियमवर रोहित शर्माने नाणेफेक जिंकली आणि पुढे काय करायचं ठरलंय तेच तो विसरला. सगळ्या जगासमोर डोक्याला हात लावून उभा! शेवटी म्हणाला, गोलंदाजी. आमच्या हवेत काहीतरी असणार.

पेटी उघडली की आधी विचारते, "कोण बघतंय?" पहिल्या दिवशी आई सोफ्यावरून म्हणाली, "मी गं, मी बघतेय." पेटी गप्प. आई पुन्हा, जरा मोठ्याने, "मी! यांची आई!" आता ती पेटीवर थोडी नाराज असते. विचारायचं आणि ऐकून घ्यायचं नाही, हे तिला शेजारणीकडूनही खपत नाही.

पेटीच्या रिमोटमध्ये बोलायची सोय आहे. मी मोठ्या थाटात आईला दाखवलं. बटण दाबलं आणि स्पष्ट मराठीत म्हटलं, "सह्याद्री लाव." पेटीने क्षणभर विचार केला आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा लावला. पाठीवर पिशव्या घेतलेली चार मुलं दरीत वाकून आरोळ्या देत होती. आई चाळीस मिनिटं मन लावून बघत राहिली. मग म्हणाली, "कार्यक्रम चांगला आहे. पण बातम्या कधी लागायच्या?"

बरं, पेटीतल्या अर्ध्या गोष्टी पासवर्ड मागतात. पासवर्ड मुलाने ठेवलेला. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक असं चिन्ह की जे शोधायला बाणाने पडद्यावरच्या अक्षरांतून गल्लीबोळ हिंडत जावं लागतं. एक घर चुकलं की पुन्हा मुळारंभापासून. हे साधलं की ओटीपी येतो. तो येतो मुलाच्या नंबरवर, कारण पैसे त्याच्या कार्डावरून गेले होते. मुलगा बंगळूरला, आणि रात्री साडेआठला नेमका मीटिंगमध्ये. एकदा त्याने मीटिंगमधून कुजबुजत आकडे सांगितले, मी ते मोठ्याने म्हणत टाइप केले, आणि त्याच्या साहेबांनी म्हणे ते तिमाहीच्या खर्चाचे आकडे समजून लिहून घेतले.

मराठी वाहिन्यांचा प्रश्न वेगळाच. १ फेब्रुवारी २०१९पासून दूरसंचार नियामक ट्रायचा नवा नियम आला, की ज्याला जे बघायचंय त्याने तेवढंच निवडावं आणि तेवढ्याचेच पैसे भरावे. तेव्हा पायाभूत १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, झाले १५३ रुपये ४० पैसे. त्यात शंभर वाहिन्या. मी वही घेऊन बसलो, दोन रविवार घालवले, आणि मग कळलं की आपल्याला हव्या त्या मालिका ज्या वाहिन्यांवर लागतात, त्या या शंभरात नाहीत. रायपुरात मराठी म्हणजे थाळीबाहेरचं पक्वान्न. भात-वरण सगळ्यांना सारखं, पुरणपोळी हवी तर वेगळे पैसे. आम्ही देतो. वर महाराष्ट्र मंडळात भेटलं की एकमेकांना सांगतो, "आमच्याकडे सगळं मराठी लागतं."

आता हे सेकंदांचं प्रकरण. ते लेकीनेच समजावून दिलं, ती त्याच धंद्यात आहे. मला वाटायचं, उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, एवढं वर जाऊन खाली यायचं म्हणजे डिशलाच उशीर होणार. तर म्हणे त्या खेपेला पाव सेकंद लागतो. खरा उशीर इंटरनेटवाल्यांचा, आणि आमची पेटी सामना तिथूनच आणते. तिथे चित्राचे काही काही सेकंदांचे तुकडे करतात, ते तुकडे या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर जातात, आणि मध्येच रस्ता अडला तर पंचाईत नको म्हणून पेटी चार तुकडे आधी गाठीला बांधून मगच दाखवायला सुरुवात करते.

"म्हणजे," बायको म्हणाली, "साहूजींची पोळी तव्यावरून ताटात, आणि आपली डब्यातून."

"अगदी तसंच, आई."

"आणि डब्याचे पैसे जास्त."

यावर लेकीकडे तांत्रिक उत्तर नव्हतं.

हा धडा मला २०२३च्या आयपीएलमध्येच मिळायला हवा होता. त्या वर्षी मोबाइलवर सामने फुकट होते आणि बारा भाषांत समालोचन होतं, त्यात मराठी! रायपुरात राहून मराठीतून क्रिकेट ऐकायचं म्हणजे परदेशात पिठलं-भाकरी मिळाल्यासारखं. पण चित्र टीव्हीवर मोठं दिसायचं. मी डोकं लढवलं. डिशवर टीव्ही लावला, आवाज बंद केला, आणि मोबाइलचं मराठी समालोचन कानात घातलं. टीव्हीवर फलंदाज बाद होऊन तंबूत पोचला, पॅड सोडायला लागला. आणि माझ्या कानात त्याच फलंदाजाचं कौतुक चाललेलं, आज काय सुंदर लयीत आहे! पुढचे चार दिवस मी प्रत्येक फलंदाजाची स्तुती त्याच्या अंत्यविधीनंतर ऐकली. बायको म्हणाली, "नाहीतरी आपल्याकडे असंच असतं."

क्रिकेटमध्ये ॲप मागे असतं, हे मी एव्हाना पाठ केलं होतं. मालिकांमध्ये ते पुढे असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. बायको पैसे भरून मालिकेचा भाग टीव्हीवर लागायच्या आधीच ॲपवर बघते. आई तोच भाग रात्री डिशवरून वेळेवर बघते. त्यामुळे आमच्या घरात सासू मागे आणि सून पुढे. आई म्हणते, "ही मुलगी काही त्याच्याशी लग्न करायची नाही." बायको भाजी चिरता चिरता नुसती "हं" म्हणते. त्या 'हं'मध्ये काय काय दडलंय हे आई आता चेहऱ्यावरून ओळखायला लागली आहे. परवा तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी बायको आज दुपारी रडली का रे? मग मी रात्री बघत नाही."

पावसाचं बायको म्हणाली होती तसंच झालं. जोराच्या सरीत डिशचा सिग्नल जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यावरच तर पेटीचा तोडगा होता, की डिश गेली तर इंटरनेट आणि इंटरनेट गेलं तर डिश. जुलैत आभाळ फाटलं, डिश गेली. मी विजयी मुद्रेने इंटरनेटचं बटण दाबणार तोच कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरने 'ढुम्' केलं. टीव्ही इन्व्हर्टरवर होता. राउटर नव्हता, कारण घराचं वायरिंग झालं तेव्हा राउटर नावाचा प्राणी जन्मायचा होता. पडद्यावर एका बाजूला 'सिग्नल नाही', दुसऱ्या बाजूला 'इंटरनेट नाही'. डिश आणि इंटरनेट यांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग मोबाइलवरून इंटरनेट दिलं. पण तीच अक्कल त्याच मिनिटाला सगळ्या कॉलनीला सुचली होती.

खरं सांगायचं तर टीव्ही आणि मोबाइलचं लग्न लावायचा माझा हा पहिला प्रयत्न नाही. २०१६च्या फेब्रुवारीत दूरदर्शनने सोळा शहरांत मोबाइलवर फुकट टीव्ही सुरू केला. इंटरनेट नको, डेटा नको. मनोऱ्यावरून लहरी यायच्या आणि फोनला डोंगल लावलं की थेट चित्र. त्या सोळांत मुंबई होती, दिल्ली होती, आपलं औरंगाबाद होतं आणि चक्क रायपूरही होतं! आमच्या शहराचं नाव कुठल्या यादीत एवढं पुढे आलं की आमचा ऊर भरून येतो. मी त्याच आठवड्यात डोंगल मागवलं. काडेपेटीएवढं, वर ओढून लांब करायची तार. फोनला जोडलं. काहीच नाही. दोन दिवसांनी कळलं की माझ्या फोनला ते जोडण्याची सोयच नाही. दोषाचा मालक मीच. मग साडेनऊ हजारांचा नवा फोन घेतला, फुकटचा टीव्ही बघण्यासाठी.

आणि लागला हो! गच्चीवर, टाकीच्या बाजूला, तार पूर्वेला जरा कलती धरली की डीडी न्यूज लख्ख. मी रोज संध्याकाळी हात उंचावून गच्चीवर उभा राहायचो. साहूजींनी एकदा खालून विचारलं, "भाई साहब, वायरलेस? पुलिस में हो गए क्या?" सप्टेंबरात जिओ आलं, डेटा फुकट झाला, आणि ज्याला त्याला सगळं खिशात दिसायला लागलं. डोंगल ड्रॉवरमध्ये गेलं. पुढे २०२४च्या जानेवारीत बातमी वाचली, की डीटूएम नावाचं तंत्र येतंय, १९ शहरांत चाचण्या करायच्या आहेत. मोबाइलवर इंटरनेटशिवाय थेट टीव्ही. मी पेपर बायकोपुढे धरला. तिने चष्मा वर करून वाचलं. "डोंगल टाकलं नाही ना?" एवढंच म्हणाली.

या सगळ्यात खरी जाणकार आमची आईच, पण तिला कुणी विचारत नाही. तिचं लग्न होऊन ती रायपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आली, कारण बाबा तिथे शाळेत मास्तर होते. तेव्हा हे सगळं मध्य प्रदेशात. १ ऑगस्ट १९७५ला त्या शाळेत टीव्ही सुरू झाला. गावात वीज कधी यायची कधी नाही, पण टीव्ही थेट उपग्रहावरून! तो साइट नावाचा प्रयोग. सहा राज्यांतली २,४०० गावं, त्यात आमच्या भागातली काही. छपरावर तीन मीटर व्यासाची अँटेना, आणि तिची जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली. आई सांगते, पहिल्या दिवशी एक म्हातारी कोंबडी काखेत घेऊन आली होती, एवढं मोठं खुराडं सरकारने बांधलंय म्हणून.

सकाळी दीड तास मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. एका चित्राबरोबर दोन भाषांचे दोन आवाज यायचे, ज्या गावाला जो हवा तो. आणि ते दोन्ही, बरं का, चित्राबरोबरच यायचे; बाद झालेल्याचं कौतुक नाही. शेती, लसी, गाणी. ओटीपी नाही, रिमोट नाही. टीव्हीला लाकडी पेटी आणि पेटीची किल्ली बाबांच्या जानव्याला.

"आणि मग?" माझ्या मुलीने एकदा विचारलं होतं.

"मग काय, वर्ष झालं आणि उपग्रह परत नेला." तो अमेरिकेकडून वर्षभरासाठी उसना आणलेला. ३१ जुलै १९७६ला मुदत संपली. दुसऱ्या दिवशी गाव ठरल्या वेळी शाळेत येऊन बसलं. बाबांनी समजावलं, की आता यायचं नाही, ज्यांचा होता त्यांनी नेला. त्या कोंबडीवाल्या म्हातारीने विचारलं, "काबर ले गिन?" का नेला? बाबांना उत्तर सुचेना. म्हणाले, उसनं पातेलं होतं, द्यावंच लागतं. हे मात्र सगळ्यांना पटलं.

"मजा यायची पण," आई म्हणते. "शंभर माणसं एकदम हसायची. तुम्ही लोक पाळीपाळीने हसता."

तर ३ डिसेंबरची संध्याकाळ. दक्षिण आफ्रिकेला ३५९ हव्या होत्या आणि ते काढणार अशी लक्षणं दिसायला लागली होती. दुपारच्या दहा शतकांनंतर मी घरात नियम केला होता, की ज्याला आधी कळेल त्याने तोंड उघडायचं नाही. भाच्याचा फोन मी म्यूट केला. आईला हात जोडून सांगितलं. साहूजींना सांगता येईना, म्हणून त्यांच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

पण तोंड बंद ठेवल्याने बातमी थांबते थोडीच? दुपारी साहूजींचा जल्लोष छळत होता, संध्याकाळी त्यांची शांतता छळायला लागली. आमचा गोलंदाज धावत निघालेला असायचा, मी श्वास रोखलेला, आणि पलीकडे टाचणी पडली तरी ऐकू येईल असं. म्हणजे विकेट नाही. चेंडू अजून पडायचाय, आणि मला कळलेलं आहे! एकदा पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पाठोपाठ "धत् तेरे की". मी बायकोला म्हणालो, "चौकार गेला." अर्ध्या मिनिटाने गेला. तिने माझ्याकडे अशा आदराने पाहिलं की असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असावं.

शेवटचं षटक सुरू झालं. साहूजींच्या हॉलमधला दिवा मालवलेला खिडकीच्या फटीतून दिसला. मी तिकडे बघितलं नाही असं स्वतःला सांगितलं. बायकोने हात जोडले होते. मी उशी पोटाशी धरली होती. आमच्या पडद्यावर दक्षिण आफ्रिका अजून जिंकलेली नव्हती, क्षेत्ररक्षण लावणं चाललं होतं, सगळं शक्य होतं.

आतल्या खोलीत 'टुक' झालं. आईने टीव्ही बंद केला. रिमोट पिशवीत गेला, रबर चढलं. मग काठीचा आवाज हळूहळू हॉलकडे आला.

"बस ना आई," मी म्हणालो, "एक विकेट पडली ना, की अजूनही होऊ शकतं."

आई सोफ्याच्या कडेला टेकली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सुनेच्या जोडलेल्या हातांकडे.

"हो जाही," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.